किरकोळीतला व्यायाम

व्यायाम आता किरकोळीत मिळू लागला आहे. आधी तो ठोकच घ्यावा लागायचा. तालमीत जायचं तर पहाटे, लंगोट कसून, शंभर जोर आणि दोनशे बैठका. जिममध्ये जायचं तर अख्ख्या वर्षाचे पैसे आगाऊ, शिवाय बूट, बाटली आणि घाम पुसायला वेगळा नॅपकिन. एवढा माल एकदम उचलायची ऐपत नसलेली आमच्यासारखी माणसं मग काहीच घेत नसत. पण शांपूची एक रुपयाची पुडी निघाली आणि गावोगावचे केस चमकायला लागले, तशी आता व्यायामाचीही पुडी निघाली आहे. एक मिनिट जिना, दीड मिनिट भरभर चाल, दूध तापेपर्यंत दहा बैठका. दिवसभरात अशा चार-सहा पुड्या फोडल्या की झालं, असं डॉक्टर सांगतात. डॉक्टरांपेक्षा जास्त आत्मविश्वासाने व्हॉट्सॲप सांगतं आणि व्हॉट्सॲपपेक्षाही जास्त आत्मविश्वासाने आमचे हे सांगतात.

हे निवृत्त झाले तेव्हा वजन आणि वेळ, दोन्ही हाताशी भरपूर होतं. त्यामुळे पुड्यांची एजन्सी आमच्याच घरी आली. सकाळी दात घासताना हे एका पायावर उभे राहतात. वरचे दात डाव्या पायावर, खालचे उजव्या. तोल गेला की बेसिनवरच्या आरशाला धरतात, आरसा हलतो आणि फळीवरची माझी पावडर खाली येते. ती उचलायला वाकणं, हीसुद्धा हालचालच. मग चहा होईपर्यंत ओट्याला दोन्ही हात टेकून तिरके जोर. जोर काढताना तोंड खाली, त्यामुळे शेजारच्या शेगडीवर दूध वर येतंय हे दिसत नाही. दूध उतू जातं. गॅस विझवून, ओट्यावरून ट्रॉलीच्या फटीत, तिथून फरशीवर, असा सगळा प्रवास करतं. पुसायला मी. "बघ, तुझाही झाला," असं हे म्हणतात. हिशेबाच्या दृष्टीने ते खरंच आहे आणि माझा राग तेवढ्यावरच आहे.

फोन आला की उठायचं आणि बोलणं संपेपर्यंत चालत राहायचं, हा पुढचा नियम. मोठ्या वन्संचा फोन आला, कुणीतरी गेल्याचा. हे हॉल ते गॅलरी फेऱ्या मारत ऐकत होते आणि आमच्या पॅसेजमध्ये रेंज जाते. त्यामुळे कोण गेलं, ते प्रत्येक फेरीत बदलत होतं. गॅलरीपर्यंत पोचताना दादरचे मामा गेले होते, परत येईस्तोवर मामी. शेवटी मी फोन घेतला, खुर्चीवर बसले आणि ऐकलं. गेली होती ती वन्संची पोळ्यांची बाई, काम सोडून. दुःख त्यामुळे कमी झालं असं नाही.

या सगळ्याचं मूळ लंडनच्या बसमध्ये आहे, हे कळल्यावर मात्र मी जरा नरमले. मला बसमधल्या गोष्टी आवडतात. दुसऱ्या महायुद्धानंतर जेरी मॉरिस नावाच्या डॉक्टरांनी लंडनच्या दुमजली बसवरच्या ड्रायव्हर आणि कंडक्टरांकडे नीट बघितलं. दोघं राहायला साधारण सारख्याच वस्तीत, कमाई आसपासची, रस्त्याचा धूर एकच. फरक एवढाच, की ड्रायव्हर दिवसभर बसून आणि कंडक्टर दिवसभर वर-खाली. १९५३ साली 'लॅन्सेट'मध्ये त्यांनी छापलं की कंडक्टरांना हृदयविकार कमी होतो आणि झालाच तर उशिरा. शंकासुर तिथेही होतेच. मुळात जाडी माणसंच ड्रायव्हर होत असतील, अशी शंका निघाली. मॉरिस यांनी मग जे केलं त्यासाठी त्यांना मनापासून नमस्कार. त्यांनी युनिफॉर्मची मापं तपासली. कुणाच्या पँटीची कंबर किती, याचा अभ्यास करून १९५६ साली पुढचा निबंध लिहिला. तरुणपणापासूनच ड्रायव्हरच्या पँटी ऐसपैस होत्या, म्हणजे शंका अगदीच खोटी नव्हती. पण बारीक कंडक्टर आणि बारीक ड्रायव्हर, जाडा कंडक्टर आणि जाडा ड्रायव्हर अशा जोड्या लावल्या तरी कंडक्टरच सरस निघाला. वैद्यकशास्त्रात रक्त, लघवी आणि छातीचा फोटो यांच्या पंक्तीला शिंप्याची टेप बसली, ती इथे. मॉरिस स्वतः ९९ वर्षं जगले. त्यांच्या पँटीचं माप मला कुठे मिळालं नाही.

मुंबईतही दुमजली बस १९३७पासून होती. बेस्टची जुनी डिझेलवाली दुमजली २०२३च्या सप्टेंबरात गेली आणि तिच्या जागी थंडगार विजेवरची आली. जुन्या बसमध्ये कंडक्टर तिकिटाचा पंच टिकटिकवत त्या वळणाच्या जिन्याने वर जायचा, तोवर खाली कुणीतरी चढलेलं असायचं, की पुन्हा खाली. वर जागा आहे म्हणून चढलेल्या माणसाला "उतरा, वर उभं राहायचं नाही" सांगायला पुन्हा वर. आमच्या लहानपणी त्या माणसाची दया यायची. त्याच्या हृदयाची दया करायचं कारण नव्हतं, हे आता कळतं. लाल एसटीच्या कंडक्टरला तर जिना नाही, पण बाजाराच्या दिवशी उभ्या माणसांतून, कोंबड्यांच्या खुराड्यावरून आणि मधेच आडव्या झोपलेल्या पोराच्या पायांवरून मागच्या बाकापर्यंत तिकीट पोचवणं, यासाठी मॉरिस यांना वेगळी टेप लागली असती.

किरकोळ मालाला खरी बाजारपेठ मिळाली ती २०२२ साली. सिडनी विद्यापीठातले इमॅन्युएल स्टामाटाकिस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ब्रिटनमधल्या २५,२४१ माणसांच्या मनगटावरच्या यंत्रांच्या नोंदी तपासल्या. ही माणसं निवडलेली कशी, तर 'आम्ही फावल्या वेळात कसलाही व्यायाम करत नाही' असं स्वतः लिहून दिलेली. (आपल्याकडे हा अभ्यास पहिल्याच पायरीवर अडला असता. इथे विचारलं तर प्रत्येकजण अधूनमधून योगा करतो.) दिवसातून तीनेक वेळा, एक-दोन मिनिटं, दम लागेल अशी काहीतरी धावपळ ज्यांच्या हातून सहज होत होती, त्यांच्यात पुढच्या सुमारे सात वर्षांत मृत्यूचा धोका ३८ ते ४० टक्क्यांनी कमी दिसला. ह्यांनी हा आकडा पाठ केला आहे आणि लग्नमुंजीत सांगतात. मी एवढंच म्हणते, की कमी दिसला म्हणजे धावपळीनेच कमी झाला असं लगेच म्हणू नये. धडधाकट माणूस बसमागे धावतो. ज्याला बरं नाही तो पुढच्या बसची वाट बघतो. संशोधकांनी आजारी माणसं वगळून वगैरे हिशेब केला होता, असं ह्यांचं उत्तर असतं आणि ते खरं आहे. पण लग्नाच्या पंगतीत एवढं ऐकून घ्यायला कोण थांबतो!

त्याच्याही आधी, २०२० साली, जागतिक आरोग्य संघटनेने आपली जुनी अट काढून टाकली होती. आठवड्याला दीडशे ते तीनशे मिनिटं मध्यम हालचाल हवी, हे कायम. पण ती निदान दहा मिनिटं सलग असली तरच हिशेबात धरू, हे गेलं. सुटे पैसेही चालतील, असा तो निर्णय. हे तीस वर्षं सरकारी नोकरीत असल्यामुळे त्यांनी तो जीआर म्हणूनच वाचला. माझ्या कुठल्याही आक्षेपावर आता तारखेनिशी त्याचा हवाला येतो.

मुंबईच्या माणसाला हे कुणी सांगायची गरज नव्हती. लोकल फलाटावर लागताना जिन्याच्या वरच्या पायरीवरून ती दिसणं आणि दार बंद व्हायच्या आत, किंवा जिथे दारच बंद होत नाही तिथे गाडी हलायच्या आत, आत असणं, हा कार्यक्रम एका मिनिटाचाच आहे आणि त्यात दम लागतो. ऐनवेळी गाडी पलीकडच्या फलाटावर येणार असल्याची घोषणा झाली की म्हातारेकोतारे, गरोदर बाया, हातात कॅरमबोर्ड घेतलेला माणूस, सगळे एकदम पूल चढतात. जगातल्या कुठल्याही व्यायामशाळेला एका घोषणेत एवढी हजेरी मिळत नाही. सरकारी कचेऱ्यांचंही श्रेय मान्य केलं पाहिजे. तिथे साहेब बसलेले असतात, फाइल बसलेली असते, चालतो तो नागरिक. तळमजल्यावर फॉर्म, तिसऱ्या मजल्यावर सही, सही करणारे जेवायला गेले म्हणून पुन्हा खाली, झेरॉक्स रस्त्यापलीकडे, आणि परत वर गेल्यावर "दोन कॉपी लागतात हो." यातली एकेक चढण सुटी मोजली तर ती तंतोतंत स्टामाटाकिस यांच्या मापात बसते.

खरी पंचाईत घरात आहे. आम्ही घरातली हालचाल वर्षानुवर्षं, पैसे मोजून, एकेक करून बाहेर काढली. आधी पाटा-वरवंटा गेला, मिक्सर आला. मग मोरी गेली, तिच्याबरोबर उकिडवं बसून भांडी घासणं गेलं. टीव्हीचं बटण फिरवायला उठावं लागायचं, ते रिमोटने वाचवलं. पुढे रिमोट शोधायला उठावं लागायचं, तेही आता टीव्हीशी बोलून भागतं. पाट गेले, टेबल आलं. फरशी पुसायच्या फडक्याला दांडा आला. संडाससुद्धा खुर्चीचा झाला. आणि एवढं सगळं करून झाल्यावर हे मला सोफ्यावरून वाचून दाखवतात, "२०२४ साली 'लॅन्सेट ग्लोबल हेल्थ'मध्ये आलंय बघ. भारतात पुरेशी हालचाल न करणारी मोठी माणसं २००० साली २२ टक्क्यांच्या आसपास होती, २०२२ साली जवळजवळ निम्मी झाली. पुरुषांत ४२ टक्के. बायकांत ५७." मी त्या वेळी स्टुलावर चढून माळ्यावरचा लोणच्याचा डबा काढत होते. डबा त्यांच्या हातात दिला, स्टूल दिलं आणि खाली येऊन सोफ्यावर बसले, बायकांची टक्केवारी राखायला.

घरात अपवाद एकच, सासूबाई. वय ऐंशीच्या पुढे, नारळ अजून जमिनीवर बसून विळीवर खवतात. एक पाय विळीच्या पाटावर, दुसरा दुमडलेला, कवड फिरवताना मनगट सुटं. खवून झालं की एका हातात खोबऱ्याचं ताट, दुसऱ्या हातात करवंट्या, आणि उठतात. कशालाही न धरता. हे बघून ह्यांना एक चाचणी आठवली. ब्राझीलमधले डॉक्टर क्लॉडिओ गिल अराउजो यांनी ५१ ते ८० वयाच्या २,००२ माणसांना जमिनीवर बसवून उठवलं आणि २०१२ साली निष्कर्ष छापला. बसण्याचे पाच गुण, उठण्याचे पाच. हात टेकला, गुडघा टेकला, मांडीवर हात रेटला, की दरवेळी एक गुण कापायचा. तोल गेला तर अर्धा. ज्यांचे गुण कमी, त्यांच्यात पुढे मृत्यूचं प्रमाण जास्त आढळलं.

ही चाचणी घ्यायला ब्राझीलला कशाला जायला हवं? चौथ्या मजल्यावर सत्यनारायण होता, तिथे आरतीला सगळ्यांना सतरंजीवरून उठायचं होतं. आमच्या पिढीची एक ठरलेली पद्धत आहे. आधी फक्त विचार होतो, तो चेहऱ्यावर दिसतो. मग शेजारचीला "चला" म्हणायचं, म्हणजे तीही अडकते आणि आपण एकटे पडत नाही. मग डावा तळहात जमिनीवर, एक गुण गेला. वजन त्याच्यावर टाकून उजवा गुडघा टेकवायचा, दुसरा गेला. आता माणूस चौपायी अवस्थेत असतो आणि साडीचा काठ नेमका स्वतःच्याच गुडघ्याखाली सापडलेला असतो. तो सोडवायला पुन्हा मागे. नंतर एक हात मांडीवर, दुसरा शेजारचीच्या खांद्यावर, आणि "आई गं". दुसऱ्याच्या खांद्याला किती गुण कापायचे हे ब्राझीलच्या नियमांत बहुतेक नसेल, आणि "आई गं"ला तर नाहीच. ताठ उभं राहीपर्यंत पहिली आरती निम्मी झालेली असते. एवढ्या गर्दीत सासूबाई हातात निरांजनाचं तबक घेऊन कधीच उठून उभ्या होत्या आणि आम्हाला सांगत होत्या, "सावकाश, घाई नाही."

मात्र एका बाबतीत सासूबाईंचं आणि विज्ञानाचं पटत नाही. बसल्या बसल्या पाय हलवलेला त्यांना चालत नाही. लक्ष्मी जाते. ह्यांचं सगळं बालपण "पाय हलवू नकोस" ऐकण्यात गेलं. आता झालंय असं, की जेम्स लेव्हिन नावाच्या डॉक्टरांनी अमेरिकेतल्या मेयो क्लिनिकमध्ये १६ माणसांना आठ आठवडे रोज गरजेपेक्षा हजार कॅलरी जास्त खायला घातल्या. १९९९ साली तो अभ्यास छापून आला. खाणं सगळ्यांना सारखंच वाढीव. तरी कुणाच्या अंगावर पाव-अर्धा किलोसुद्धा चरबी धड चढली नाही आणि कुणाच्या अंगावर चार किलोंच्या वर. फरक कशाचा, तर चुळबुळीचा. उठणं-बसणं, वळणं, येरझाऱ्या, हातपाय हलवणं, ज्याला कुणी व्यायाम म्हणत नाही ते सगळं. ह्यांनी हे आईला मोठ्याने समजावून सांगितलं. मुद्दा असा, की लहानपणी पाय हलवू दिला असता तर आज पोट आलं नसतं. सासूबाईंनी ऐकून घेतलं. "बरं," म्हणाल्या, "आणि लक्ष्मी?" ह्यांच्याकडे त्याचा संदर्भ नव्हता.

शतपावलीचा मान मात्र दोन्हीकडून आहे. सुश्रुतसंहितेत जेवणानंतर शंभर पावलं चालून मग डाव्या कुशीवर पहुडावं, असं सांगितलं आहे. २०२२ साली आयर्लंडच्या लिमरिक विद्यापीठातल्या संशोधकांनी आधीचे सात अभ्यास एकत्र मांडून जे काढलं तेही त्याच वाटेवरचं. बसून राहण्यापेक्षा अधूनमधून उठून दोन ते पाच मिनिटं रमतगमत चाललं तरी जेवणानंतरची साखर कमी चढते. नुसतं उभं राहून थोडा फरक, चालून जास्त. आता आपण सुश्रुताच्या आज्ञेचं काय केलं ते बघा. वाक्यात दोन क्रिया होत्या. पहिली गळली, दुसरी वामकुक्षी या नावाने राष्ट्रीय दर्जाला पोचली. डावी कूस आजही कुणी विसरत नाही. दुपारी एकनंतर अख्खी गावं डावीकडे कललेली असतात.

आमच्या घरी शतपावली परत सुरू करायची म्हटल्यावर जागेचा प्रश्न आला. पूर्वी वाड्याला सोपा होता, चाळीला गॅलरी होती. आजोबा मंडळी हात मागे बांधून या टोकापासून त्या टोकापर्यंत जायची आणि जाता जाता प्रत्येक बिऱ्हाडात काय शिजलं ते बघून यायची. आताच्या फ्लॅटमध्ये चालण्याजोगी मोकळी जागा एकच, सोफा आणि टीव्ही यांच्यामधली. रात्री सव्वानऊला हे तिथून जायला लागतात. मालिकेत खलनायिका जिन्याच्या कठड्याशी उभी असते, विष दुधात घालते आहे की खिरीत ते नेमकं कळायच्या क्षणी पडद्यावर ह्यांचं पोट येतं. सरकून जातं, तोवर प्याला कुणाच्यातरी हातात गेलेला असतो. सासूबाईंनी तोडगा काढला: चालायचं ते जाहिरातीत. आमच्या वाहिनीवर जाहिराती इतक्या लांबतात, की शतपावलीची कधी सहस्रपावली झाली ते ह्यांना कळलं नाही. सुनेने, म्हणजे मी, त्या वेळात भांडी लावली. तिथे कुणी मोजत नव्हतं.

मोजण्याचं काम मुलीने वाढदिवसाला दिलेल्या घड्याळाकडे आहे. घड्याळाची आणि ह्यांची श्रद्धा दहा हजार पावलांवर. हा आकडा कुठल्या ऋषींनी दिलेला नाही. टोकियो ऑलिंपिकच्या दुसऱ्या वर्षी, १९६५ साली, जपानच्या एका घड्याळ कंपनीने पावलं मोजायचं यंत्र बाजारात आणलं आणि दहा हजार हा गोल आकडा त्याच्या नावातच घातला. दुकानदाराचा आकडा तो. पुढे २०१९ साली हार्वर्डच्या आय-मिन ली यांनी सोळा हजारांवर वयस्क अमेरिकन बायकांच्या पावलांचा हिशेब मांडला, तर साडेसात हजारांच्या आसपास फायदा वाढायचा थांबतोच, आणि ४,४०० पावलं चालणाऱ्यासुद्धा २,७०० वाल्यांपेक्षा पुष्कळ बऱ्या. हे मी ह्यांना दाखवलं. साडेसात हजारांनंतर घड्याळ फटाके फोडत नाही, असं उत्तर मिळालं. त्यामुळे रात्री पावणेबाराला आकडा कमी असेल तर हे बाहेरच्या पॅसेजमध्ये फेऱ्या मारतात. नव्या वॉचमनने पहिल्यांदा पाहिलं तेव्हा त्याने ह्यांना कुणाचं घर शोधताय म्हणून विचारलं. ह्यांनी नंबर सांगितला, आमचाच.

घड्याळ मनगटावर, त्यामुळे त्याला पाय कळत नाहीत, हात कळतात. गणपतीत दहा दिवस टाळ्या वाजवून ह्यांची पावलं भराभर वाढली, पण विसर्जनाच्या दिवशी प्रत्यक्ष मिरवणुकीत चालताना, दोन्ही हातांनी पाट धरल्यामुळे, आकडा जवळजवळ जागच्या जागी राहिला. देव हातात असताना घड्याळ बघू नये, असं सासूबाई म्हणाल्या. पोळ्या लाटताना ते घड्याळ मी एकदा बांधून बघितलं. त्याच्या मते मी कणकेपासून शेवटच्या पोळीपर्यंत बरीच लांब चालून आले होते. ह्यांनी ती पावलं ग्राह्य धरली नाहीत.

पुड्यांमधला सगळ्यात तेजीचा माल म्हणजे जिना. कॅनडात २०१९ साली बैठ्या तरुण मंडळींना तीन जिने, म्हणजे साठ पायऱ्या, झपाझप चढायला लावलं. दिवसातून तीनदा, आठवड्यातून तीन दिवस, सहा आठवडे. तेवढ्याने त्यांचा दमसास थोडाच, पण मोजता येईल इतका वाढला. आमची सोसायटी सात मजली. हे वाचून जिन्याला जी गर्दी झाली ती भूकंपातही झाली नसती. आमचा जिना म्हणजे काय, तर प्रत्येक वळणावर कुणाचातरी चपलांचा स्टँड, वाळकी तुळस, टायर बसलेली सायकल, आणि कुणी थुंकू नये म्हणून कोपऱ्यात लावलेल्या देवांच्या टाइल्स. त्या टाइल्स फार उपयोगी पडल्या. दम लागला की थांबून नमस्कार करायचा. खाली येणाऱ्याला वाटतं भक्ती.

जिन्यात आधीपासून होत्या त्या कामाच्या मावशी. सकाळी आठ ते दहा कामवाल्यांनी लिफ्ट वापरायची नाही, असा आमच्या सोसायटीचा फळ्यावर लिहिलेला नियम आहे. त्यांच्या हृदयाचा विचार आमच्या कमिटीने कॅनडाच्या किती आधी केला होता! मावशींनी दोन दिवस ही नवी वर्दळ बघितली आणि तिसऱ्या दिवशी मला हळूच विचारलं, "वहिनी, ही सगळी मंडळी जिन्यानं का पळतायत? साहेबांनापण बंदी केली का?"

आणि मग वार्षिक सर्वसाधारण सभा आली. स्टिल्ट पार्किंगमध्ये, प्लॅस्टिकच्या खुर्च्यांवर, वेफर्स आणि थंड समोशांसह. मेंटेनन्स वाढवण्याच्या विषयावर हे उठले. (खुर्चीच्या हाताला न धरता. मी बघत होते.) म्हणाले, "आम्ही बरेच सभासद आता लिफ्ट वापरतच नाही. माझ्याकडे तीन महिन्यांचा डेटा आहे. आम्हाला लिफ्टचा खर्च लावू नये." घड्याळ पुढे केलं. टाळ्या पडल्या, म्हणजे त्यांची पावलंही वाढली. पहिल्या मजल्यावरचे काका तर भरून आले. "मी वीस वर्षं हेच सांगतोय! मी एकदाही त्या डब्यात चढलेलो नाही!"

सेक्रेटरींनी चष्मा बदलला आणि उपविधींचं पुस्तक काढलं. महाराष्ट्रातल्या सहकारी गृहनिर्माण संस्थांच्या आदर्श उपविधींत हा प्रश्न मिटवून ठेवलेला आहे. लिफ्टचा खर्च त्या इमारतीतल्या सगळ्या सभासदांना सारखा, मग ते लिफ्ट वापरोत अथवा न वापरोत. त्यांनी ते वाक्य दोनदा वाचलं.

"म्हणजे जिन्याने गेलं तरी द्यायचे?" ह्यांनी विचारलं.

"द्यायचे."

"आणि रोज दहा वेळा लिफ्टने गेलं तरी तेवढेच?"

"तेवढेच."

सभेत बराच वेळ कुणी काही बोललं नाही. प्रत्येकजण मनातल्या मनात तीन महिन्यांचा भागाकार करत होता.

आभार मानून झाले तेव्हा लिफ्टच्या दाराशी झुंबड उडाली. जिन्याची पूर्ण फौज आत होती, हे होते, मी होते, सासूबाई होत्या, आणि सगळ्यात पुढे, पंख्याखालची जागा धरून, पहिल्या मजल्याचे काका. वजन जास्त झाल्याची घंटा वाजायला लागली. कुणीतरी एकाने उतरायला हवं होतं. सगळ्यांनी काकांकडे पाहिलं.

"काका, तुम्हाला तर एकच जिना आहे," हे म्हणाले.

"एक मिनिटाचा तर प्रश्न," मागून कुणीतरी म्हणालं. "आरोग्याला चांगलं असतं."

काकांनी कठडा आणखी घट्ट धरला. "कुणीही उतरा," ते म्हणाले. "माझा वीस वर्षांचा बॅकलॉग आहे."